दिलेला शब्द आणि सुधारलेला शब्द

‘शब्द’ या शब्दाला आपल्या मराठीत दोन अर्थ आहेत. एक व्याकरणातला, शाळेच्या पुस्तकात पहिल्या धड्यापासून भेटणारा. दुसरा वचनाचा. ‘मी त्यांना शब्द दिला आहे’ असे घरातले वडील माणूस म्हणाले, की पुढची चर्चा तेथेच थांबते. हे दोन्ही अर्थ एका घरात नांदतात, यात मला काही योगायोग दिसत नाही. मी आज जो शब्द ज्या अर्थाने वापरला, त्याच अर्थाने तो उद्याही घेतला जाईल, या भरवशावरच जगातले सारे बोलणे-लिहिणे चालते. प्रत्येक शब्द हे एक लहानसे वचनच असते.

एरवी या भरवशाचा विचार करण्याची वेळ आपल्यावर येत नाही. माणसांची भाषा कोणी बदलत नाही. ती आपोआप बदलते. नदीचे पात्र सरकावे तशी ती पिढ्यापिढ्यांनी सरकते, आणि त्याबद्दल कोणाला जबाबदार धरता येत नाही. परंतु गेल्या सत्तरएक वर्षांत माणसाने काही निराळ्याच भाषा घडवल्या आहेत. त्यांना कर्ता आहे, जन्मतारीख आहे, आणि एखाद्या पुस्तकाप्रमाणे त्यांची सुधारून वाढवलेली आवृत्ती ठरल्या दिवशी बाहेर पडते. संगणकाला कामे सांगण्याच्या या भाषा. आज पुष्कळ घरांत एखादा मुलगा, सून किंवा भाची अशा भाषेत लिहून पोट भरत असते, आणि ‘नवी आवृत्ती आली’ हे वाक्य जेवणाच्या पानावर ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते, नवे आले म्हणजे चांगलेच झाले! पण सांगणाऱ्याच्या कपाळावर कधी कधी आठी असते. ती आठी का असते, याचा विचार करू लागलो, की आपण यंत्राच्या गोष्टीतून निघून नीतीच्या गोष्टीत येऊन पोचतो. प्रश्न असा आहे: जुन्या आवृत्तीने दिलेला शब्द नवीने मोडावा काय? सुधारणेचा हक्क मोठा, की वचनाचा?

ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न स्वयंपाकघरातून मांडतो. समजा, घरोघरी चकलीच्या भाजणीची कृती एका वहीत लिहिलेली आहे, आणि तीत ‘वाटी’ हे माप आहे. उद्या कोणा शहाण्या मंडळाने ठरवले की आजवरची वाटी फारच गैरसोयीची होती. यापुढे वाटी म्हटले की तिच्या दीडपट माप समजावे. आता कृतीतले एक अक्षरही बदललेले नाही. वही तीच, हात तोच, मोहनही तेच. फक्त चकली तेलात विरघळते. आणि वाईट हे, की का विरघळली ते वहीकडे पाहून कळत नाही. मंडळाची वाटी खरोखरच अधिक सोयीची असेलही. पण ज्या बाईचा ऐन सणाचा घाणा बिघडला, तिला त्या सोयीचे कौतुक काय?

संगणकाच्या भाषांमध्ये असे खरोखर घडले आहे. पायथन या नावाची एक भाषा आहे. नाव ऐकून अजगर डोळ्यांपुढे येतो, पण ते घेतले आहे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी कार्यक्रमावरून. ग्विदो फान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमला ती रचायला घेतली, आणि १९९१ च्या फेब्रुवारीत ती लोकांच्या हाती दिली. वाचायला सोपी, लिहायला मोकळी. म्हणून ती शाळा-प्रयोगशाळांपासून पेढ्यांपर्यंत पसरली. पण तिच्यात काही खोडी जन्मापासून होत्या. त्यांतली एक सांगतो. सातला दोनने भागायला सांगितले, तर ती उत्तर देई तीन. साडेतीन नव्हे, तीन! पूर्णांकांना भागले तर उत्तरही पूर्णांकच द्यायचे, असा तिचा नियम होता. दोन भावंडांना सात करंज्या वाटायच्या असतील तर हा नियम भांडण टाळण्यापुरता ठीक आहे. पण परीक्षेच्या गुणांची सरासरी काढताना अर्धा गुण कोठे गेला, हे त्या मुलाला कोण सांगणार? बरे, चूक झाली असे यंत्र म्हणत नसे. ते निर्विकारपणे तीन सांगे, आणि आपण तेच धरून पुढे चालत असू.

ही खोड आहे, हे कर्त्यांनी कबूल केले. उपायही शोधला. पण तो कसा अमलात आणला, ते पाहण्यासारखे आहे. २००१ साली निघालेल्या २.२ या आवृत्तीत त्यांनी जुन्या अर्थाच्या भागाकारासाठी एक निराळे चिन्ह दिले. एका तिरप्या रेघेऐवजी दोन तिरप्या रेघा. जुना अर्थ टाकून दिला नाही; त्याला स्वतःचे घर बांधून दिले. आणि ज्याला नवा अर्थ आजच हवा असेल, त्याने आपल्या लेखनाच्या आरंभी तसे एका ओळीत सांगावे, अशी सोय ठेवली. त्या ओळीत जो शब्द वापरायचा, त्याचा अर्थ आहे ‘भविष्य’. ‘भविष्याकडून मला भागाकार आणून दे’ अशा थाटाची ती ओळ आहे. बाकीच्यांसाठी जुना अर्थ चालू राहिला. नवा अर्थ सर्वांना लागू झाला तो ३ डिसेंबर २००८ रोजी, पायथनची तिसरी मोठी आवृत्ती निघाली तेव्हा. म्हणजे सात वर्षांची आगाऊ सूचना! वाटीचे माप बदलणाऱ्या आमच्या काल्पनिक मंडळापेक्षा ही माणसे पुष्कळच सभ्य म्हटली पाहिजेत.

मग आठी कशाची? या तिसऱ्या आवृत्तीत बदलला तो केवळ भागाकार नव्हे. पुष्कळ जुन्या खोडी एकदमच काढून टाकायच्या, असे ठरले होते. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेली आज्ञावली तिसरीत बहुधा जशीच्या तशी चालेना. आणि दोन्हींतले लेखन एकाच आज्ञावलीत एकत्रही करता येईना. येथे मला आपल्याकडचा एक मोठा बदल आठवतो. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. केवढी उलथापालथ! पण त्या दिवशी खिशातले आणे टाकून द्यावे लागले नाहीत. काही काळ जुनी नाणी नि नवी नाणी एकाच खिशात, एकाच गल्ल्यात खुळखुळत राहिली. चवलीचे साडेबारा पैसे कसे द्यायचे यावर दुकानात वाद होत असतील. पण प्रत्येकाला आपापल्या चालीने नव्याकडे जाता आले. पायथनमध्ये तसे नव्हते. कोणतीही आज्ञावली दुसऱ्या दहा जणांनी लिहून ठेवलेल्या तयार भागांवर उभी असते. ते दहा जण नव्याकडे गेल्यावाचून मला जाता येत नाही, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकजण आणखी दहांच्या तोंडाकडे पाहत बसलेला. पंगतीत सगळेच ‘आधी आपण’ म्हणत उभे राहिले, म्हणजे पाने जशी रिकामी राहतात, तसे झाले.

जुन्या आवृत्तीची देखभाल २०१५ साली थांबवायची होती. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. १ जानेवारी २०२० रोजी ती संपली. २००८ पासून मोजले तर हे एक तप झाले. या तपात किती फुकटचे श्रम झाले, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पैकी पुष्कळसे श्रम अशा माणसांचे, की ज्यांनी आपले काम हौसेने, विनामूल्य लोकांना दिले होते. त्यांना आता तेच काम दोन्ही आवृत्त्यांत चालते ठेवावे लागले. त्यासाठी कोणी ‘सिक्स’ या नावाचा एक साकव तयार केला. दोन त्रिक सहा, म्हणून सिक्स! कष्टात विनोद सुचणारी माणसे पाहिली की बरे वाटते.

या बारा वर्षांत ज्यांनी कुरकूर केली, त्यांना ‘जुनाट’ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणत, आमची आज्ञावली काल बरोबर होती. तिच्यात आम्ही काही चूक केली नाही. तुम्ही दिलेल्या नियमांनी आम्ही घर बांधले, आणि आता तुम्हीच पाया सरकवता. तुमची चूक तुम्ही दुरुस्त करता, हे ठीक. पण तिचा दंड आम्ही का भरावा? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. चूक एकाची आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचे, हा प्रकार कोणत्याही नीतिशास्त्रात शोभेसा नाही.

तरीसुद्धा मी त्या सुधारणेच्या बाजूनेच कौल देईन, आणि त्याचे कारण आपल्या अगदी जवळचे आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीतला सर्वांत मोठा बदल भागाकाराचा नव्हताच. तो अक्षरांचा होता. जुन्या आवृत्तीत साधे लेखन म्हणजे यंत्राच्या दृष्टीने नुसते साठवणीचे अंश असत. इंग्रजीचे एक अक्षर म्हणजे एक अंश, त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नसे. पण आपला ‘दिवाळी’ हा शब्द प्रचलित पद्धतीने साठवून त्याची लांबी विचारली, तर ती भाषा सांगे: अठरा! इतर लिप्यांसाठी वेगळी सोय होती, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागे. आणि दोन्ही तऱ्हा एकमेकींत नकळत मिसळत. मग आज्ञावली वर्षानुवर्षे सुरळीत चाले, आणि एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाच्या नावात इंग्रजीबाहेरचे एक अक्षर आले, की कोलमडून पडे. तिसऱ्या आवृत्तीने ठरवले, की लेखन म्हणजे अक्षरे. मग ती कोणत्याही लिपीची असोत. आता ‘दिवाळी’ची लांबी सहा येते. काने आणि वेलांट्या ती वेगळ्या मोजते. बालवाडीतले पोरही ‘दि-वा-ळी’ म्हणून तीनच मोजील, ती गोष्ट निराळी! पण अठरावरून सहावर येणे हे काही थोडे नव्हे. शिवाय, आज्ञावलीतल्या राशींना आपण जी नावे देतो, तीही आता देवनागरीत देता येतात. ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’ अशी नावे देऊन एखाद्या विद्यार्थ्याला सरळव्याजाचे गणित संगणकाकडून करून घेता येते.

येथे त्या जुन्या वादाची दुसरी बाजू दिसू लागते. ज्यांची घरे बांधून झाली होती, ते बोलू शकत होते. ज्यांची नावे त्या घरात मावतच नव्हती, ते त्या सभेत हजरच नव्हते. वचन ज्यांना दिले गेले ते मोजके लोक असतात, त्यांना तोंड असते, ते तक्रार करतात. पण भाषा ज्यांच्यासाठी पुढे चालायची, ते पुष्कळसे अजून आलेलेच नसतात. काही तर जन्मालाही आलेले नसतात. त्यांच्या वतीने कोण बोलणार?

हजर असलेल्यांच्याच शब्दाला जपले तर काय होते, याचे एक उदाहरण या व्यवसायात प्रसिद्ध आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे एक उपकरण लिहिले. आज्ञावलीचे सुटे भाग योग्य क्रमाने जोडण्याचे काम ते करते. त्यात एक विचित्र नियम राहून गेला. आज्ञेच्या ओळीआधी जी मोकळी जागा सोडायची, ती एका विशिष्ट कळीनेच सोडली पाहिजे. साध्या रिकाम्या जागा चालत नाहीत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात! डोळ्यांना न दिसणारा फरक, आणि त्यावरून सारे काम अडते. नियम गैरसोयीचा आहे, हे लवकरच ध्यानात आले. पण तोवर ते उपकरण वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांना त्रास कशाला द्या, म्हणून नियम तसाच राहिला. आज पन्नास वर्षे होत आली. जगभर नवशिके विद्यार्थी अजूनही त्या अदृश्य जागेशी झगडतात. बारा मित्रांची भीड पडली, आणि तिचे व्याज कितीएक पिढ्यांनी भरले. फेल्डमन यांनीच हा किस्सा पुढे मोकळेपणाने सांगितला आहे. त्यांना मी दोष देणार नाही. समोर बसलेल्या माणसाची अडचण दिसते. न आलेल्याची दिसत नाही. आपण सगळेच तसे वागतो. फार काय, नद्यांच्या पाण्यापासून जंगलांपर्यंत सगळीकडे आपण तसेच वागत आलो आहोत.

म्हणून भाषेचा कर्ता हा मालक नव्हे, विश्वस्त आहे, असे मला वाटते. देवस्थानच्या विश्वस्ताला आजच्या भाविकाची सोय पाहावी लागते, आणि शंभर वर्षांनी येणाऱ्याचीही. त्याला जुनी पायरी बदलता येते, पण रातोरात उखडून टाकता येत नाही. पायथनच्या कर्त्यांनाही हे तडजोडीने शिकावे लागले. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी एक जुनी खूण निरुपयोगी म्हणून काढून टाकली होती: लेखनाच्या आधी लावायचे ‘यू’ हे अक्षर. नव्या व्यवस्थेत तिचे खरोखरच काही काम नव्हते. पण ती नसल्यामुळे दोन्ही आवृत्त्यांत चालेल असे लिहिणे लोकांना जड जाई. तेव्हा २०१२ च्या ३.३ आवृत्तीत त्यांनी ते निरर्थक अक्षर परत आणले. निव्वळ लोकांच्या सोयीसाठी. व्याकरणाच्या दृष्टीने ही माघार होती. माणुसकीच्या दृष्टीने मला ती त्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कोणी म्हणेल, जुने मोडणे वाईट, तर मोडू नका. नुसती भर घाला. भर घातल्याने कोणाचे काय जाते? पण तसेही नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात निघालेल्या ३.८ आवृत्तीत एक नवे चिन्ह आले: अपूर्णविराम आणि त्यापुढे बरोबरचे चिन्ह. एखाद्या राशीला नाव देणे आणि लगेच ती वापरणे, ही दोन कामे त्याने एकदम होतात. आडवे करून पाहिले तर दोन डोळे आणि दोन सुळे दिसतात, म्हणून त्याला वॉलरस या समुद्री प्राण्याचे नाव मिळाले. या चिन्हाने एकही जुनी आज्ञावली मोडली नाही. तरी त्यावरून एवढे रण माजले, की चिन्हाला मान्यता दिल्यानंतर १२ जुलै २०१८ रोजी ग्विदो यांनी प्रमुखपद सोडले. तीस वर्षे होत आलेल्या स्वतःच्या लेकरावरचा अधिकार सोडताना त्यांनी वारस नेमला नाही. पुढची व्यवस्था तुम्हीच ठरवा, असे सहकाऱ्यांना सांगितले. २०१९ च्या आरंभी पाच जणांचे निवडलेले मंडळ कारभार पाहू लागले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते? लिहिणाऱ्याला नवे चिन्ह टाळता येते. वाचणाऱ्याला टाळता येत नाही. दुसऱ्याने वापरले की मला ते शिकावेच लागते. घरात आणलेली प्रत्येक नवी वस्तू कोणीतरी पुसावी लागते, तसेच हे.

आणि नव्याला जागा देतानाही एक सभ्य रीत असते. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत ‘असिंक’ हा शब्द भाषेने पूर्णपणे स्वतःकडे राखून घेतला. ज्यांनी आपल्या लेखनात ते नाव आधीच वापरले होते, त्यांचे लेखन मोडले. २०२१ च्या ३.१० आवृत्तीत ‘मॅच’ हा शब्द हवा झाला, तेव्हा मात्र वेगळी युक्ती केली. ठराविक जागी तो आला तरच त्याचा नवा अर्थ. इतरत्र तो ज्याचा त्याचा. ट्रेनच्या बाकावर आधी बसलेल्याला न उठवता, थोडे सरकायला सांगून बसावे, तसे. तीन वर्षांत ही माणसे एवढे शिकली.

माणसांच्या भाषेत या अडचणी इतक्या तीव्र होत नाहीत, याचे श्रेय व्याकरणाला नाही, वाचकाला आहे. १९६२ साली मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम शासनाने मान्य केले, आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गळून पडले. त्याआधीची पुस्तके त्यामुळे बंद पडली काय? आजोबांच्या कपाटातले जुने पुस्तक नातवाने उघडले, तर तो क्षणभर त्या टिंबांकडे पाहतो आणि पुढे वाचू लागतो. माणूस चूकभूल पोटात घालून अर्थ घेतो. यंत्राला पोट नाही. म्हणून यंत्राची भाषा बदलणाऱ्यावर जबाबदारी अधिक. जी क्षमा आपल्याकडे वाचक करतो, ती तेथे कर्त्याला आगाऊ योजून ठेवावी लागते: सूचना देऊन, मुदत देऊन, साकव बांधून. पायथनचा आजचा लेखी नियमही हेच सांगतो. एखादी गोष्ट काढायची असेल, तर निदान दोन आवृत्त्या आधीपासून इशारा दिला पाहिजे.

दिलेला शब्द कधीच मोडू नये, असे म्हणणे सोपे आहे; पण चुकीचा शब्द अखंड पाळत राहिले, तर त्याचा भार अनोळखी माणसांवर पडतो. आणि सुधारणा चांगली आहे एवढ्यावरच ती लादली, तर तिचा भार निरपराध माणसांवर पडतो. दोन्ही भार खरे आहेत. सुधारकाने त्यांतला एक तरी स्वतःच्या खांद्यावर घेतला आहे काय, एवढे मी पाहतो. मुदत संपल्यानंतरही, २०२० च्या एप्रिलमध्ये, पायथनच्या त्या जुन्या शाखेची एक अखेरची दुरुस्त प्रत काढण्यात आली. त्यानंतर तिला कोणी हात लावायचा नव्हता. तरी तिला दारातून निरोप देण्याआधी तिच्या उरल्यासुरल्या दुरुस्त्या करून ठेवल्या. ती प्रत आजही ज्याला हवी त्याला घेता येते. सातला दोनने भागून ती अजूनही तीनच सांगते.